चिकणमातीच्या पोटातला वायू आणि संगणकातले छिद्र

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात निघणाऱ्या माँटमोरिलोनाइट या चिकणमातीचा एक प्रमाणित नमुना जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. त्याच्या कोरड्या भुकटीचे पृष्ठफळ नायट्रोजन वायूने मोजले, तर एका ग्रॅममागे सुमारे 30 चौरस मीटर भरते. याच खनिजाच्या स्फटिकरचनेवरून हिशेब मांडला, तर तो आकडा 750 च्या आसपास जातो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. कोरड्या मातीत खनिजाचे थर एकमेकांना इतके घट्ट लागून असतात की नायट्रोजनचा रेणू त्यांच्यामध्ये शिरूच शकत नाही. पाण्याचा रेणू शिरतो, थरांना दूर सारतो आणि झाकलेले पृष्ठ उघडे करतो. मग मिथेन शिरतो का? कार्बन डायऑक्साइड शिरतो का? शिरला तर किती, नेमका कुठे बसतो आणि कशाच्या जोरावर? खनिजाच्या दोन थरांमधली फट एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असते. तिथे वायूचा रेणू कुठे बसला हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून थेट बघता येत नाही. म्हणून गेली तीन दशके हा प्रश्न प्रयोगशाळेइतकाच संगणकावरही सोडवला जात आहे. या कामाने काय हाती लागले आणि त्यातल्या कोणत्या आकड्यांवर विसंबावे, याचा हा आढावा.

या प्रश्नाला पैशाचे आणि सुरक्षिततेचे वजन आहे. शेल खडकात नैसर्गिक वायू काही प्रमाणात छिद्रांत मोकळा असतो, तर काही छिद्रांच्या भिंतींना धरून बसलेला असतो. अमेरिकेतल्या पाच शेल साठ्यांचा 2002 साली आढावा घेतला गेला, तेव्हा अशा अधिशोषित वायूचा वाटा 20 टक्क्यांपासून 85 टक्क्यांपर्यंत असल्याचे नोंदले गेले. एवढा फरक असेल तर साठा मोजायचा कसा आणि विहीर किती वर्षे चालेल हे सांगायचे कसे? दुसरे प्रकरण उत्तर समुद्रातले. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात 1996 पासून कार्बन डायऑक्साइड, सुरुवातीची अनेक वर्षे वर्षाला साधारण दहा लाख टन, समुद्रतळाखालच्या वाळूखडकात सोडला जातो आहे. त्याला वर येऊ न देणारे झाकण आहे चिकणमातीयुक्त शेलचे. हा वायू मातीच्या थरांत शिरून त्यांना फुगवील, की त्यांच्यातले पाणी ओढून घेऊन त्यांना आकसवील, यावर झाकणाचा भरवसा अवलंबून आहे. तिसरे प्रकरण अणुकचऱ्याचे. कचऱ्याचे पोलादी डबे बेंटोनाइट मातीत गाडायची योजना अनेक देशांत आहे. पोलाद गंजले की हायड्रोजन सुटतो आणि तो त्याच मातीतून वाट काढणार. स्वित्झर्लंडमधल्या माँ तेरी इथल्या भूमिगत प्रयोगशाळेत 1996 पासून चिकणमातीच्या खडकावर अशाच प्रश्नांचा अभ्यास चालू आहे.

या विषयाची मुळे जुनी आहेत. अर्विंग लँगम्युर यांनी 1918 साली अधिशोषणाचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांच्या प्रयोगातल्या तीन पृष्ठांपैकी एक अभ्रकाचे होते. काच आणि प्लॅटिनम ही दुसरी दोन. अभ्रक म्हणजे चिकणमातीच्या खनिजांचा सख्खा भाऊबंद; तीच थरांची रचना, तोच सिलिकेटचा सपाट पृष्ठभाग. शेल वायूचे अभियंते आजही ज्या समीकरणाने साठ्याचा हिशेब करतात, ते लँगम्युर यांचेच आहे. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी 1938 साली अनेक थरांच्या अधिशोषणाचा सिद्धान्त दिला. तिघांच्या आद्याक्षरांवरून तो बीईटी म्हणून ओळखला जातो आणि सुरुवातीला दिलेला 30 चौरस मीटरचा आकडा त्याच पद्धतीचा. यातले एडवर्ड टेलर पुन्हा 1953 साली भेटतात. लॉस अलामॉसला निकोलस मेट्रोपोलिस, रोझेनब्लुथ दांपत्य आणि टेलर दांपत्य यांनी मिळून माँटे कार्लो पद्धतीचा तो निबंध लिहिला, ज्यावर आजचे सगळे अधिशोषणाचे सिम्युलेशन उभे आहे. दुसरी वाट, म्हणजे प्रत्येक अणूची हालचाल न्यूटनच्या नियमांनी क्षणाक्षणाला मोजत जाण्याची, तिच्यात हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांचे नाव पहिल्या ओळीत येते. त्यांनी 1964 साली शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप अरगॉनच्या 864 अणूंची गती संगणकावर चालवून दाखवली. भारतात वाढलेल्या या माणसाचे काम विज्ञानाच्या आपल्या शाळांत फारसे सांगितले जात नाही, ते सांगायला हवे.

आता काम प्रत्यक्षात कसे होते ते पाहू. आधी माती रचावी लागते. माँटमोरिलोनाइट आणि इलाइट या दोन्ही चिकणमातींचा एक थर साधारण एक नॅनोमीटर जाडीचा असतो: वर आणि खाली सिलिका, मध्ये ॲल्युमिनाची पाती. भाकरीची चवड लावावी तसे हे थर एकावर एक बसतात. थरातल्या काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम किंवा ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम आलेले असते. त्यामुळे थराला ऋण भार येतो आणि तो फेडायला थरांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे धन आयन येऊन बसतात. इलाइटमध्ये हे काम पोटॅशियम करतो आणि तो सिलिकाच्या षट्कोनी खळग्यात इतका चपखल बसतो की थर उघडतच नाहीत. केओलिनाइट या तिसऱ्या चिकणमातीची घडण वेगळी. त्यात एक सिलिकाची आणि एक ॲल्युमिनाची पाती असते, भार जवळपास नसतो, आणि थराची एक बाजू ऑक्सिजनची तर दुसरी हायड्रॉक्सिलची असते. संगणकात दोन थर ठरावीक अंतरावर समोरासमोर ठेवले की झाले छिद्र. बहुतेक निबंधांतले छिद्र असेच असते, दोन सपाट समांतर भिंतींमधली फट.

मग अणूंनी एकमेकांना किती ओढायचे आणि किती ढकलायचे हे ठरवावे लागते. या नियमावलीला फोर्स फील्ड म्हणतात. चिकणमातीसाठी सर्वाधिक वापरली जाणारी नियमावली म्हणजे क्लेएफएफ. ती रँडल सायगन, जियान-जिए लियांग आणि आंद्रे कालिनिचेव यांनी 2004 साली प्रसिद्ध केली. तिच्यात बंध जवळजवळ नाहीतच. अणूंवरचे भार आणि जवळच्या अंतरावरची ओढाताण एवढ्यावर अख्खा स्फटिक तग धरतो, आणि म्हणूनच ती निरनिराळ्या खनिजांना लागू पडते. मिथेनसाठी ट्रॅपी ही नियमावली रूढ आहे. तिच्यात मिथेनचा अख्खा रेणू 0.373 नॅनोमीटरचा एकच गोळा मानतात. कार्बन डायऑक्साइडसाठी तीन बिंदूंचा भारित रेणू घेतात, पाण्यासाठीही तसाच.

शेवटची पायरी ग्रँड कॅनॉनिकल माँटे कार्लो. छिद्राचे आकारमान आणि तापमान ठरलेले, आणि बाहेरच्या वायूचा दाबही ठरलेला. संगणक कुठेतरी एक रेणू टाकून बघतो, कधी असलेला काढून बघतो, कधी जागचा हलवतो. प्रत्येक वेळी ऊर्जेचा हिशेब होतो आणि त्यावरून ती चाल स्वीकारायची की नाकारायची हे ठरते. अशा लाखो-करोडो चाली झाल्यावर छिद्रातल्या रेणूंची संख्या एका सरासरीभोवती स्थिरावते. तोच त्या दाबाला अधिशोषित वायूचा आकडा.

या खटाटोपातून काय दिसले? मिथेनच्या बाबतीत चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मिथेनच्या रेणूवर भाराची असमानता जवळजवळ नसते, त्यामुळे त्याला भिंतीशी धरून ठेवणारे बल साध्या, सर्वत्र असणाऱ्या आकर्षणाचे असते. दोन नॅनोमीटरपेक्षा रुंद छिद्रात त्याचा प्रत्येक भिंतीवर एक दाट थर होतो आणि मधला वायू बाहेरच्यासारखाच राहतो. एक नॅनोमीटरच्या छिद्रात दोन्ही भिंतींची ओढ एकमेकींत मिसळते आणि सगळे छिद्रच दाट होते. कोणत्या आयनाने थराचा भार फेडला आहे, याने मिथेनला फारसा फरक पडत नाही.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याच्या रेणूची दोन्ही टोके किंचित ऋण आणि मध्य किंचित धन असतो. अशा रेणूला सोडियम किंवा कॅल्शियमचा आयन जोरात खेचतो. झेहुइ जिन आणि अब्बास फिरोझाबादी यांनी 2013 आणि 2014 साली केलेल्या माँटे कार्लो अभ्यासांत हे नीट दिसते. थरावरचा भार आणि त्याबरोबर आलेले आयन यांमुळे कार्बन डायऑक्साइडचे अधिशोषण वाढते, मिथेन मात्र त्याबाबतीत जवळपास उदासीन राहतो. छिद्रात पाणी आले की दोघांचेही प्रमाण घटते. पाण्याचा रेणू आयनांभोवती कार्बन डायऑक्साइडपेक्षाही घट्ट बसतो आणि चांगल्या जागा आधीच पटकावतो. या यंत्रणेबद्दल आज गंभीर मतभेद उरलेला नाही. वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी वेगवेगळ्या प्रणाली वापरून तीच गोष्ट पाहिली आहे, आणि माझ्या मते या क्षेत्राची ही सर्वांत भक्कम कमाई आहे.

आकड्यांची गोष्ट वेगळी. इथे एक अडचण अशी आहे की ती नीट समजून न घेता या विषयातला कोणताही आलेख वाचू नये. सिम्युलेशन छिद्रातले सगळे रेणू मोजते. त्याला निरपेक्ष अधिशोषण म्हणतात. प्रयोगशाळेतल्या उपकरणाला सगळे रेणू मोजता येत नाहीत. भिंत नसती तर त्याच जागेत जेवढा वायू मावला असता, त्याहून जास्त किती आहे, एवढेच त्याला कळते. याला जादा अधिशोषण म्हणतात. कमी दाबाला दोन्ही जवळपास सारखे येतात. जास्त दाबाला मात्र त्यांच्या वाटा फुटतात.

उदाहरण घेऊ. भिंतीजवळच्या मिथेनची घनता घन मीटरमागे 370 किलो धरू. 27 अंश सेल्सिअस आणि 100 बार दाबाला बाहेरच्या मिथेनची घनता 75 किलोच्या आसपास असते. म्हणजे जादा अधिशोषण 295 किलोच्या हिशेबाने दिसेल. आता दाब 300 बार करा. बाहेरची घनता 200 च्या आसपास जाते. भिंतीजवळचा थर आधीच भरलेला असल्याने तिथली घनता फारशी वाढत नाही, आणि फरक 170 वर उतरतो. रेणू एकही कमी झालेला नाही, पण प्रयोगाच्या आलेखात रेषा खाली येते. ही घट पाहून वायू सुटायला लागला असे कुणी म्हणेल तर ते साफ चूक ठरेल. खोल खडकातले दाब नेमके याच टप्प्यातले असतात, त्यामुळे ही बाब पुस्तकी राहत नाही.

प्रयोगाचा आकडा निरपेक्ष आकड्यात बदलायचा तर अधिशोषित थराची घनता माहीत हवी, आणि ती मोजता येत नाही. कुणी उत्कलनबिंदूच्या द्रव मिथेनची घनता घेतो, सुमारे 420 किलो. कुणी सिम्युलेशनमधून आलेली 370 च्या आसपासची. उत्तर त्याप्रमाणे सरकते. त्यात आणखी एक भर पडते. नमुन्यातली मोकळी जागा हेलियमने मोजायची प्रथा आहे. हेलियमचा अणू साधारण 0.26 नॅनोमीटरचा आणि मिथेनचा रेणू 0.38 नॅनोमीटरचा. जिथे हेलियम शिरतो तिथे मिथेन शिरेलच असे नाही. मग मोकळी जागा फुगवून मोजली जाते आणि जादा अधिशोषण कमी दिसते, कधी तर ऋणही येते. म्हणून सिम्युलेशन आणि प्रयोग यांच्या रेषा एकमेकींवर बसल्या असे सांगणारा आलेख समोर आला, की आधी एकच गोष्ट बघावी: दोन्ही रेषा एकाच प्रकारच्या अधिशोषणाच्या आहेत का?

दुसरी उणीव मला जास्त गंभीर वाटते, कारण ती हिशेबाने भरून निघत नाही. संगणकात आखलेले छिद्र बहुधा कोरडे, सपाट आणि एकाच खनिजाचे असते. जमिनीखालची माती कोरडी नसते. आणि सर्वाधिक अभ्यास झाला तो सोडियम माँटमोरिलोनाइटवर, कारण त्याची रचना माहीत आहे आणि नमुना सहज मिळतो. पण खोलीबरोबर खडक तापतो, आणि साधारण 60-70 अंशांपासून पुढे माँटमोरिलोनाइटच्या कुळातली माती पोटॅशियम घेत घेत इलाइटमध्ये बदलू लागते. वायू तयार व्हायला याहून बरेच जास्त तापमान लागते. साहजिकच पक्व शेलमध्ये मुख्य चिकणमाती इलाइटची असते. न फुगणाऱ्या इलाइटच्या खडकाचा साठा फुगणाऱ्या माँटमोरिलोनाइटच्या आकड्यांवरून काढणे योग्य नाही, मग तो हिशेब कितीही दशांशांपर्यंत नेलेला असो.

थराच्या कडांचेही तसेच. सपाट पृष्ठाच्या कडेला बंध तुटलेले असतात, तिथे हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांचा भार पाण्याच्या आम्लतेनुसार बदलतो. क्लेएफएफच्या मूळ रूपात या कडांना स्थिर ठेवणारी तरतूद पुरेशी नव्हती. ती नंतरच्या वर्षांत जोडली गेली, आणि 2021 साली मूळ लेखकांपैकी दोघांनी तिसऱ्या सहकाऱ्यासह या सुधारणांचा सविस्तर आढावा घेतला. तरीही वायूच्या अधिशोषणाच्या बहुतांश कामात कडा अजून गाळलेल्याच आहेत.

मग कोणते काम चांगले म्हणावे? ज्यात छिद्राची रुंदी संशोधक ठरवत नाही, मातीच ठरवते. थरांना मोकळे सोडून, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही आत येऊ देऊन, थरांमधले अंतर कुठे स्थिरावते ते पाहणारी सिम्युलेशने झाली आहेत. फ्रान्समधल्या एका गटाचे 2010 सालचे काम या वाटेवर सुरुवातीचे. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत जास्त दाबाखाली क्ष-किरणांनी थरांमधले अंतर मोजले गेले. दोन्हींचा सूर जुळतो. अगदी कोरडी सोडियम माँटमोरिलोनाइट कार्बन डायऑक्साइडला जवळपास दाद देत नाही. तिच्यात थोडेसे पाणी असले, म्हणजे थरांना किंचित दूर ठेवण्याइतके, की वायू आत शिरतो आणि थर आणखी उघडतात. पाण्याचा एक अख्खा थर आत असला तर अंतर, खनिजाच्या थराची जाडी धरून, साडेबारा अँगस्ट्रॉमच्या (म्हणजे सव्वा नॅनोमीटरच्या) आसपास असते, दोन थरांना साडेपंधराच्या. पाणी वायूला हुसकावते ही वर सांगितलेली गोष्ट आणि पाणीच वायूला दार उघडून देते ही गोष्ट, दोन्ही खऱ्या आहेत. कोणती लागू पडेल हे पाण्याच्या प्रमाणावर ठरते. स्थिर रुंदीच्या कोरड्या छिद्रात हे कधीच दिसले नसते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला या यंत्रणेचा परिणाम ठाऊक आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत याच कुळातली खनिजे भरपूर असतात. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ते थरांमधले पाणी आत-बाहेर झाल्यामुळे.

चिकणमातीच्या महत्त्वावरच एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. टेक्सासमधल्या बार्नेट शेलच्या छेदांची सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे 2009 साली प्रसिद्ध झाली. त्यांत बहुतेक नॅनोछिद्रे खनिजांत नव्हती, सेंद्रिय पदार्थांत होती. सेंद्रिय पदार्थ मिथेनला चिकणमातीपेक्षा घट्ट धरतो आणि पाण्याला फारसा जवळ करत नाही. म्हणजे सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या ओल्या खडकात मिथेनच्या साठ्यासाठी चिकणमाती दुय्यम ठरते. हे मला मान्य आहे. पण कार्बन डायऑक्साइड साठवण्याच्या, झाकणखडकाच्या आणि अणुकचऱ्याच्या प्रश्नांत सेंद्रिय पदार्थाची भूमिका लहान आणि मातीची मोठी असते. चिकणमातीच्या सिम्युलेशनचे खरे क्षेत्र तेच आहे. शेल वायूच्या लाटेत या विषयाला पैसा आणि विद्यार्थी मिळाले, म्हणून बहुतेक निबंधांच्या प्रस्तावनेत मिथेन असतो, एवढेच.

कार्बन डायऑक्साइड आत सोडून मिथेन बाहेर काढायची कल्पनाही याच सिम्युलेशनांनी उचलून धरली. मिश्र वायूच्या गणितात चिकणमाती कार्बन डायऑक्साइडला मिथेनपेक्षा कितीतरी पटींनी पसंत करते. ही पसंती आयनांमुळे आहे आणि आयन कोरडे असतानाच ती सर्वाधिक असते, हे मात्र ठळकपणे लिहिले जात नाही. ओल्या छिद्रात ती किती उरते, हा आकडा महत्त्वाचा. प्रत्यक्ष खडकात टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शेलमध्ये 2014 साली सुमारे 500 टन कार्बन डायऑक्साइड सोडून बघितला गेला. काही काळ वायूचे उत्पादन वाढले आणि सोडलेल्यापैकी बराच भाग जमिनीतच राहिला. पण एका विहिरीतल्या अशा प्रयोगावरून चिकणमातीने किती धरला आणि सेंद्रिय पदार्थाने किती, हे वेगळे काढता येत नाही. हायड्रोजनबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो मातीला फारच कमी चिकटतो. हायड्रोजन जमिनीखाली साठवायचा असेल तर ही चांगली बातमी, कारण टाकलेला वायू परत मिळतो.

भारतात हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. ओएनजीसीला दुर्गापूरजवळ, दामोदर खोऱ्यातल्या शेलमधून जानेवारी 2011 मध्ये वायू मिळाला. सरकारने 2013 साली शेल वायूचे धोरण आणले. गुजरातेत दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला खंबायतचा शेल आहे, दक्षिणेत कृष्णा-गोदावरी आणि कावेरी खोरी आहेत. प्रत्येकाचे वय, तापमान आणि मातीची जात वेगळी. वायोमिंगच्या कोरड्या नमुन्यावरून आलेला आकडा यांपैकी कोणालाही लावू नये. आपल्याकडच्या संशोधन संस्थांना आणि तेल कंपन्यांना एक कळकळीची विनंती आहे. विहिरीतून काढलेल्या नमुन्यांतली माती कोणती, तिच्यात कोणते आयन, मूळ ओलावा किती आणि जादा अधिशोषणाच्या मूळ नोंदी काय, एवढी माहिती खुली करा. ती मिळाली तर पुण्या-मुंबईतल्या एखाद्या विद्यार्थ्यालाही खंबायतचे खरे छिद्र संगणकावर रचता येईल. त्यासाठी लागणाऱ्या लॅम्प्स आणि रास्पा या प्रणाली फुकट उपलब्ध आहेत.